नरम लोखंडाचं पातं

सोयाबीन पिवळं पडून शेंगा खुळखुळायला लागल्या की रिसोड तालुक्यातल्या लोहाराच्या भात्याला उसंत मिळत नाही. सोंगणीला मजूर लावायचे तर विळे पाजवलेले हवेत, आणि ते सगळ्यांना एकाच आठवड्यात हवे असतात. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्याचा तुकडा निखाऱ्यात जातो. आधी काळपट लाल, मग शेंदरी, मग केशरी होतो. सांडशीत धरून तो ऐरणीवर येतो. एक जण हातोडीनं जागा दाखवतो, दुसरा त्याच जागी घण घालतो. पातं लांबतं, वळतं, कडेला पातळ होतं. शेवटी धारेची बाजू पाण्यात बुडते, चर्र आवाज होतो आणि विळ्याला पाणी पाजून होतं. घेणारा माणूस विळा मुठीत धरून तोल पाहतो, पात्यावर नखानं टिचकी मारतो आणि कान देतो. आवाज बद्द आला तर तो विळा मुकाट्यानं परत ठेवतो.

रिसोडात गोल्फचं मैदान नाही. तरी गोल्फमधली एक अत्यंत नाजूक निवड समजून घ्यायला ही भट्टी फार उपयोगी पडते. ती निवड म्हणजे कसलेल्या खेळाडूंसाठी घडवलेल्या ‘फोर्ज्ड ब्लेड’ आयर्न क्लबांची. आपल्याकडे त्यासाठी शब्द तयारच आहेत. ठोकून केलेलं ते घडीव आणि साच्यात ओतून केलेलं ते ओतीव. महाराष्ट्राला दोन्ही कला चांगल्या अवगत आहेत. कोल्हापूरच्या फाउंड्र्या ओतकामासाठी देशभर ओळखल्या जातात, तर १९६१ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जनं ट्रकच्या क्रँकशाफ्टपासून पुढच्या अनेक गोष्टी घडीव कामातून काढल्या. विदर्भात तर लोखंडाशी नातं याहून कितीतरी जुनं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नाईकुंडच्या उत्खननात लोखंड गाळायची जी भट्टी सापडली, ती अडीच हजार वर्षांपेक्षा जुनी आहे.

गोल्फच्या पिशवीत नियमानं जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यातले बरेचसे आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचे, असतात. त्यांच्यावर क्रमांक असतो. क्रमांक वाढत जातो तसा दांडा आखूड होतो आणि चेंडूला लागणारी बाजू, म्हणजे फेस, जास्त मागे कललेली असते. या कलाला लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट जास्त असला की चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. ‘ब्लेड’ म्हणजे या आयर्नचा सर्वांत जुना आकार. डोकं लहान, पाठ सपाट आणि भरीव, वरची कड बारीक, खालचा तळ अरुंद. धार वगैरे काही नसते. पण बाजूनं पाहिलं तर ते खरोखर पात्यासारखं दिसतं.

हा आकार मुळात लोहारांनीच दिला. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले लोहार घोड्याच्या नालांच्या आणि शेतीच्या अवजारांच्या बरोबरीनं गोल्फची लोखंडी डोकी ठोकायचे. पुढे त्यांतले काही जण त्याच कामात मुरले. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्ट्यूअर्टच्या क्लबवर चिलमीची खूण असायची, मसलबरोच्या कॅरिक मंडळींच्या क्लबवर फुलीची. रंग-रूप पाहण्याआधी गिऱ्हाईक ती खूण शोधायचं. गावागावांत अमुक लोहाराचीच कुऱ्हाड हवी असा हट्ट धरणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आज हे काम कसं होतं? साधारण बोटा-दोन बोटांच्या जाडीच्या पोलादी सळईचा तुकडा कापतात, १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि खालच्या-वरच्या दोन साच्यांमध्ये प्रचंड दाबाखाली ठोकतात. कडेनं बाहेर आलेला पापुद्रा छाटतात. पुन्हा तापवून अधिक नेमक्या साच्यात ठोकतात. मग माणूस बसतो आणि पट्ट्यावर घासून वजन आणि आकार जमवतो. सात नंबरच्या आयर्नचं डोकं साधारण २७० ग्रॅमचं. शेजारच्या क्रमांकाशी फरक सुमारे ७ ग्रॅमचा, कारण दांडा अर्ध्या इंचानं बदलतो आणि हातातला तोल मात्र सगळ्या संचात सारखा लागायला हवा. शेवटी निकेल-क्रोमचा मुलामा. जपानमध्ये या कामाची मोठी परंपरा आहे. मिझुनो कंपनीची घडीव आयर्न हिरोशिमातल्या कारखान्यात ठोकली जातात. हिमेजीजवळचं इचिकावा आणि निइगाता प्रांतातलं त्सुबामे ही गावं घडीव कामासाठी प्रसिद्ध आहेत. टायगर वूड्सनं १९९७ मध्ये ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकानं जिंकली, तेव्हा त्याच्या पिशवीत मिझुनोची ब्लेड होती.

रिसोडची भट्टी आणि हिरोशिमाचा कारखाना यांची वाट इथे वेगळी होते, आणि या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच वळणावर आहे. विळ्यासाठी लोहार मुद्दाम कडक होणारं पोलाद निवडतो. कमानीच्या पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून जास्त असतो, म्हणूनच पाणी पाजल्यावर धार टिकते. गोल्फचा घडीव क्लब करणारा नेमका उलटा जातो. तो ०.२५ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेलं नरम पोलाद घेतो आणि त्याला पाणी पाजण्याच्या भानगडीत पडत नाही. इतक्या कमी कार्बनचं लोखंड पाण्यात बुडवलं तरी फारसं कडक होत नाहीच. त्याला धार नको असते, नरमपणाच हवा असतो.

नरमपणा कशासाठी, याचं दुकानातलं उत्तर ठरलेलं आहे: हाताला लोण्यासारखं लागतं म्हणून. ते उत्तर अर्धवट आहे. गोल्फचा चेंडू आणि क्लब यांची गाठ साधारण अर्ध्या मिलिसेकंदाची असते. म्हणजे सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. हातातला संदेश मेंदूपर्यंत पोचायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. हाताला जे जाणवतं, ते चेंडू निघून गेल्यावरचं दांड्याचं कंपन असतं, आणि त्याहूनही जास्त काम कान करतात. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी फटक्याचा आवाज आणि खेळाडूला वाटणारा ‘फील’ यांची सांगड तपासली, तेव्हा दोन्ही एकमेकांत किती गुंतलेले आहेत हे दिसलं. विळ्यावर टिचकी मारून ऐकणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती. डोक्याचा आकार, फेसमागच्या लोखंडाची जाडी आणि दांडा यांतून हा आवाज घडतो. ब्लेडच्या फेसमागे भरीव लोखंड असतं, म्हणून मधोमध लागलेला फटका खोल आणि आटोपशीर वाजतो. त्याचं सगळं श्रेय ‘ठोकण्याला’ देणं बरोबर नाही.

नरमपणाचा खरा उपयोग वेगळा आहे. हे लोखंड थंड असतानाच वाकवता येतं. क्लबाचं डोकं शिकंजात पकडून मानेला दांडी लावायची आणि एक-दोन अंश इकडे, एक-दोन अंश तिकडे करायचं. कडक स्टेनलेसच्या ओतीव डोक्याला हे सहज मानवत नाही, कधी मान तडकतेही. म्हणजे घडीव आयर्न माणसाच्या मापानं बसवता येतं. गावचा लोहार म्हाताऱ्या आईसाठी खुरप्याची मान थोडी जास्त वळवून देतो, त्यातलाच हा प्रकार.

मग ओतीव आयर्न आली कशाला? त्याचं मोठं श्रेय कार्स्टन सोलहाइम या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाला जातं. तरुणपणी वडिलांच्या दुकानात जोडे शिवणारा हा गृहस्थ पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता झाला आणि गोल्फ खेळताना त्याला एक साधी गोष्ट खटकली. चेंडू मधोमध लागला नाही की क्लबाचं डोकं हातात फिरतं. त्यानं वजन मधून काढून कडांना नेलं. त्याच्या पिंग कंपनीची १९८२ मधली ‘आय टू’ आयर्न अफाट खपली. पाठीत पोकळी असलेला असा आकार ठोकून काढणं त्या काळी अवघड होतं. मेणाचा साचा करून त्याभोवती लेप द्यायचा, मेण वितळवून टाकायचं आणि पोकळीत धातू ओतायचा, ही पंचधातूच्या मूर्ती घडवणाऱ्यांची जुनी रीत त्यासाठी सोयीची पडली.

वजन कडांना नेल्यानं काय होतं, हे पाहायला कावड पुरे. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असलेली कावड खांद्यावर घेऊन पटकन वळून दाखवा, वळता येत नाही. त्याच घागरी मधोमध, खांद्याजवळ आणा, गर्रकन वळता येतं. पोकळ पाठीचं आयर्न ही घागरी टोकाला असलेली कावड आहे. चेंडू थोडा बाजूला लागला तरी ते कमी फिरतं, चेंडू फार भरकटत नाही. ब्लेडमध्ये वजन मध्याजवळ एकवटलेलं असतं. बाजूला लागलं की डोकं फिरतं, चेंडू दिशा सोडतो, अंतरही गमावतो. वर हाताला झिणझिण्या येतात त्या वेगळ्याच.

अमेरिकन खेळाडू बेन होगन याचं एक आयर्न पाहिलं म्हणजे या आकाराला पुरून उरणारा हात कसा असतो ते कळतं. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला बस धडकली आणि तो मरता मरता वाचला. १६ महिन्यांनी, १९५० च्या यूएस ओपनमध्ये, मेरियन क्लबवर शेवटच्या होलला त्यानं एक नंबरच्या आयर्ननं चेंडू लांबून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर, आणला, बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला. ते आयर्न चोरीला गेलं. तीसेक वर्षांनी सापडलं तेव्हा ओळख पटायला मदत झाली ती फेसवरच्या झिजेची: एका नाण्याएवढ्या जागेत लोखंड झिजलेलं आणि बाकी फेस जवळपास कोरा. वर्षानुवर्षांचे हजारो फटके त्या नाण्याच्या आत.

सगळ्यांना होगन व्हायचं नसतं. पण निवडीची कसोटी तीच आहे, आणि तिच्यासाठी खर्च जवळजवळ शून्य येतो. पायाला मारायची बुरशीवरची पावडर, जी फवाऱ्याच्या डब्यात मिळते, ती फेसवर मारावी आणि सात नंबरनं २० चेंडू टोलवावेत. दर फटक्यानंतर ठसा पाहून टिपून ठेवावा. ठसे एका नाण्याच्या आसपास गोळा होत असतील तर ब्लेडचा विचार करायला हरकत नाही. फेसभर विखुरले असतील तर घडीव ब्लेड घेणं म्हणजे पैसे देऊन शिक्षा विकत घेणं आहे. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा (जितका कमी तितका चांगला), खेळाडूबद्दल बरंच सांगतो. पण एकेरी हँडिकॅप असणारेही काही जण ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांच्या, म्हणजे चिपिंग आणि पटिंगच्या, जोरावर तिथे पोचलेले असतात. त्यांच्या आयर्नचे ठसे निराळीच हकिकत सांगतात. व्यावसायिकांमध्येही बरेच जण भरीव ब्लेड न घेता उथळ पोकळीचं घडीव आयर्न वापरतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

कसलेला हात ब्लेड का मागतो, याला मात्र भक्कम कारणं आहेत. डोकं सहज फिरतं याचा अर्थ ते सहज फिरवताही येतं. झाडाला वळसा घालून चेंडू डावीकडून उजवीकडे न्यायचा, वाऱ्याखालून सखल मारायचा, तर हे डोकं हाताचं ऐकतं. अंतराचा भरवसा हे दुसरं कारण. दूर मारण्यासाठी केलेल्या आधुनिक आयर्नचा फेस पातळ असतो, तो स्प्रिंगसारखा लवचतो, आणि त्यांचा लॉफ्टही कमी ठेवलेला असतो. जुन्या ढंगाच्या ब्लेडमध्ये सात नंबर ३४-३५ अंशांचा असतो, तर अशा काही संचांत तोच क्रमांक ३० अंशांच्याही खाली उतरलेला आहे. म्हणजे ‘माझा सात नंबर तुझ्यापेक्षा लांब जातो’ या फुशारकीत बऱ्याचदा क्रमांकाचीच गफलत असते. ग्रीनवर चेंडू १५० यार्डांवर थांबवायचा आहे त्याला कधी १५०, कधी १६२ असं चालत नाही. त्याला दर वेळी तेच अंतर हवं.

दुकानातल्या पाटीवर ‘फोर्ज्ड’ असं लिहिलेलं दिसलं की आणखी एक प्रश्न विचारावा: नेमकं काय ठोकलंय? आता अनेक आयर्नमध्ये फक्त फेस घडीव असतो, आत पोकळी असते आणि बाकीचं अंग वेगळ्या धातूचं. ती वाईट नसतात, पण त्यांना ब्लेड समजून घेऊ नये. तसंच एकाच तुकड्यातून ठोकलेलं पोकळ पाठीचं आयर्नही मिळतं. घडीव ही करण्याची रीत झाली आणि ब्लेड हा आकार. जाहिराती या दोन गोष्टींची सरमिसळ करतात आणि खरेदीदार त्यात फसतो.

आकार ठरला की माप. दांड्यानं सुरुवात करावी. जड पोलादी शाफ्ट, उदाहरणार्थ डायनॅमिक गोल्ड, १३० ग्रॅमच्या आसपास भरतो. वेगवान आणि दमदार स्विंगला तो आवरतो, पण मध्यम वेगाच्या खेळाडूला शेवटच्या चार होलला तोच भार होतो. मग लाय, म्हणजे डोकं जमिनीवर टेकलं असताना दांडा किती उभा असतो ते. तो जास्त उभा झाला तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो, जास्त आडवा झाला तर उजवीकडे. तपासायची युक्ती साधी आहे. चेंडूवर मार्करनं उभी रेघ काढायची, रेघ फेसकडे करून चेंडू ठेवायचा आणि मारायचा. फेसवर उमटलेली रेघ सरळ उभी असेल तर लाय जुळली. तिरकी असेल तर नरम लोखंड वाकवून घ्यावं. लॉफ्टही असाच जुळवतात. लगतच्या दोन क्रमांकांत साधारण ४ अंशांचं अंतर असलं की फटक्यात १० ते १२ यार्डांचा फरक पडतो. एक खबरदारी इथे घ्यावी लागते. लॉफ्ट एक अंशानं कमी केला की बाउन्सही, म्हणजे क्लबाला जमिनीत रुतू न देणारा तळाचा कल, साधारण एक अंशानं घटतो, आणि क्लब जमिनीत जास्त शिरतो.

तळाचा हा मुद्दा आपल्या मातीत फार महत्त्वाचा आहे, आणि परदेशी परीक्षणं वाचून क्लब मागवणारे नेमके तिथेच चुकतात. वखराच्या पासेचा कल जरा चुकला की ती एक तर रुतते, नाहीतर वरच्या वर घसरते, हे कोणताही वऱ्हाडी शेतकरी सांगेल. आयर्नचा अरुंद तळ तसाच वागतो. एप्रिल-मेमध्ये टणक झालेल्या फेअरवेवर, म्हणजे मैदानातल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, पातळ तळ चेंडूखाली बेताचा शिरतो आणि फटका स्वच्छ बसतो. तेच आयर्न जुलैत ओल्या, भुसभुशीत जमिनीत आधी मातीत घुसतं आणि चेंडू अर्ध्यावर पडतो. ज्याचा स्विंग वरून खाली खोल उतरतो, फटक्याबरोबर मातीचं मोठं ढेकूळ उडतं, त्यानं पुढची कड थोडी घासून गोल केलेला तळ मागावा. सावकाश झाडल्यासारखा मारणाऱ्याला अरुंद तळ चालतो. मैदानावर जाऊन, गवतावरून मारून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. दुकानातल्या मॅटवर सगळेच क्लब चांगले वाटतात.

पूर्ण संच ब्लेडचाच हवा, हा आग्रहही सोडावा. तीन-चार नंबरच्या लांब आयर्नला चेंडू उंच चढवायला मदत लागते, तिथे पोकळ पाठ असू द्यावी. सात ते पिचिंग वेजपर्यंत, जिथे अंतर नेमकं हवं, तिथे ब्लेड ठेवावी. एकाच कंपनीचे असे मिश्र संच मिळतात, दिसायलाही जुळतात. जुना संच घेणाऱ्यानं फेसवरच्या खोबणी नखानं चाचपाव्यात, त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर ओल्या गवतातून चेंडूवर फिरकी बसणार नाही. आणि वर्षातून एकदा लॉफ्ट-लाय मोजून घ्यावी. नरम लोखंड जसं हौसेनं वाकतं, तसं कडक मॅटवर महिनोन्‌महिने आपटून नकळतही वाकतं.

ही चर्चा आपल्याला परकी वाटायचं कारण नाही, महाराष्ट्रात हा खेळ जुना आहे. मुंबईत गोल्फ क्लबाची स्थापना १८४२ मध्येच झाली. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गोल्फमध्ये भारताकडून तो आणि पुण्याचा उदयन माने असे दोघेच उतरले. या खेळाची दुसरी बाजू चेंबूरच्या वस्तीत दिसली. दिवसभर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी आणि त्यांच्या आसपासची पोरं गल्लीत गोल्फ खेळू लागली. तोमाश गुझोवाती या पोलिश छायाचित्रकारानं त्यांची छायाचित्रं जगापुढे नेली.

त्यांचा क्लब म्हणजे बांधकामावरची लोखंडी सळई. एक टोक वाकवून, ठोकून चपटं केलेलं, दुसऱ्या टोकाला पकडीसाठी रबराची नळी. चेंडू प्लास्टिकचा. घरांच्या भिंती, पत्रे, उघडी गटारं यांच्यामधून तो न्यायचा आणि एखाद्या खळग्यात टाकायचा. त्या चपट्या टोकावर लॉफ्ट कोरलेला नसतो, क्रमांक नसतो, क्रोमचा मुलामा तर नसतोच. फेस म्हणावा असा भाग अंगठ्याहून फार मोठा नाही. होगननं आपल्या आयर्नवर जेवढी जागा झिजवली, जवळपास तेवढीच जागा या पोरांच्या हातात सुरुवातीपासून असते, आणि गल्ली इतकी अरुंद की चेंडू बाजूला लागला तर तो सरळ कुणाच्या तरी दारात जातो.